आरंभीची शिल्लक

दिवाळीच्या आधी चार दिवस ती घरी यायची. अण्णांच्या काखेत, वर्तमानपत्रात गुंडाळून. आल्या आल्या तिला भुईवर ठेवायचं नाही, असा दंडक होता. आई देवघरापुढचा पाट पुसून द्यायची आणि त्या पाटावर ती बसायची. अंगावर लाल खारवा, काठाला पांढऱ्या दोऱ्याचे जाड टाके, कमरेला सुताची लांब दोरी. हातभर लांब, वीतभर रुंद. दोरी सोडून उघडली की खळीचा आणि कोऱ्या कागदाचा वास यायचा, आणि दिवाळी आल्याची खात्री आम्हा भावंडांना त्या वासानं पटायची. फटाके नंतर यायचे.

अण्णा मोंढ्यात एका अडत दुकानावर मुनीम होते. तिथं तिला कोणी चोपडी म्हणे, कोणी खतावणी. आमच्या घरात ती नुसती वही. आमच्या अभ्यासाच्या वहीला मात्र ‘शाळेची वही’ असं पूर्ण नाव लावावं लागे, कारण वही या नावावर पहिला हक्क तिचा होता.

ती घरी यायची ती सळ पाडून घ्यायला. तिच्या पानांवर छापील रेघा नसत. पान दुमडायचं, पुन्हा दुमडायचं, पुन्हा एकदा. मग आई त्यावरून वरवंटा फिरवायची. उलगडलं की पानावर उभ्या घड्या उमटलेल्या असत. तेच तिचे रकाने. आकडा कोणत्या घडीत बसायचा, रुपये कुठं, पैसे कुठं, नाव कुठं, हे सगळं त्या घड्या सांगत. दोन रात्री हे काम चालायचं. अंगाला घड्या पडल्याशिवाय वही कामाला लागत नाही, हे मी वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं. त्याचा अर्थ कळायला बरीच वर्षं गेली.

पाडव्याला तिचा थाट नवरीचा. दुकानातल्या गादीवर पांढरी चादर, तक्क्याला नवा अभ्रा, लक्ष्मीच्या तसबिरीला झेंडूचा हार, समोर साळीच्या लाह्या, बत्तासे, विड्याची पानं, सुपारी. वहीचं पहिलं पान उघडून अण्णा त्यावर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढत, वर श्री, दोन्ही बाजूंना शुभ आणि लाभ. मालक हात जोडत, हमाल-मापाडी हात जोडत. मालकांच्या आई तिला हळद-कुंकू लावत, जशी माहेरवाशिणीला लावतात.

एवढं झालं की दुकानातली बाकी माणसं पेढ्याकडे वळत. अण्णा मात्र मांडी मोडत नसत. ते समोरच्या दुसऱ्या पानावर, अगदी वरच्या टोकाला, पहिली ओळ लिहीत : आरंभीची शिल्लक. त्यापुढं काल रात्री जुन्या वहीत निघालेला आकडा, आण्या-पैचा फरक न होता. मग खतावणीत एकेका नावाचं पान काढून मागच्या वहीतली बाकी ओढत. कोणाकडून किती येणं, कोणाला किती देणं. मी एकदा विचारलं होतं, ‘अण्णा, नवं वर्ष आहे ना? मग जुनं कशाला लिहायचं?’ ते म्हणाले, ‘पहिल्या पानावर लक्ष्मी, दुसऱ्या पानावर मागची बाकी. दोन्ही समोरासमोर पाहिजेत, बाई.’

आणि दोन्ही समोरासमोरच असत. वही मिटली की ओलं कुंकू पलीकडच्या पानाला लागायचं. आमच्या घरात जुन्या वह्यांचा एक गठ्ठा अजून आहे. त्यातली कोणतीही उघडा, आरंभीच्या शिल्लकेच्या ओळीवर स्वस्तिकाचा फिकट लाल ठसा उमटलेला दिसेल.

स्वभावानं ती अबोल. कोणाची स्तुती करायची नाही, कोणाला टाकून बोलायचं नाही. कोणी पैसे बुडवले तरी त्याचं नाव तिनं वाकड्या अक्षरात लिहून घेतलं नाही, आणि कोणी मोठा झाला म्हणून त्याला जास्त जागा दिली नाही. वर्षभर ती सारखीच. पाडव्याचा थाट उतरला की दुसऱ्या दिवसापासून तिच्या अंगावर बारदान्याची धूळ बसू लागे. पाडवा ते पाडवा तिच्या खारव्याचा रंग उडत जाई, कोपरे मऊ पडत, पण अक्षरांचा रंग उडत नसे. मालकाला राग आला, गिऱ्हाईक भांडलं, भाव कोसळला, तरी अण्णा एवढंच म्हणत, ‘वहीत काय आहे ते पाहू.’ आणि आवाज खाली यायचे.

माझ्या आजोबांच्या वेळच्या वह्या मोडीत आहेत. आकडे हाली शिक्क्यातले, कारण आमचा उस्मानाबादचा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. 17 सप्टेंबर 1948 नंतर राज्य बदललं, पुढं नाणं बदललं, वहीवरची लिपी बाळबोध झाली. अण्णांनी आयुष्यभर मुक्काम उस्मानाबाद लिहिलं. 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, आता भावाच्या दुकानात मुक्काम धाराशिव लिहितात. सरकारनं 1989-90 च्या करआकारणी वर्षापासून सगळ्यांचं हिशोबाचं वर्ष 31 मार्चला संपवलं. तेव्हापासून दिवाळीची वही कायद्याच्या दृष्टीनं वर्षाची मालकीण उरली नाही. मग संगणक आला, जीएसटी आला. तरी पाडव्याला ती येतेच. तिच्यातली एक ओळ बदलली नाही आणि ती ओळ कुठल्या यंत्रालाही टाळता आलेली नाही. संगणकातसुद्धा नवं वर्ष उघडलं की पहिल्यांदा आरंभीची शिल्लकच येते.

आमच्याकडं वर्षं तरी किती सुरू होतात! चैत्राच्या पाडव्याला सालगडी ठरतो, त्याचं साल पाडवा ते पाडवा. 1 एप्रिलला सरकारचं साल. मृग निघाला की शेतकऱ्याचं. कार्तिकातला पाडवा व्यापाऱ्याचा. आणि मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस. त्या दिवशी धाराशिव-लातूरकडं गावंच्या गावं रिकामी होतात आणि रानं माणसांनी भरतात. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे यांचा निवद दाखवायचा आणि शेतात जेवायचं. ही अमावास्या कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत. 2024 या एकाच इंग्रजी वर्षात ती दोनदा आली, 11 जानेवारीला आणि 30 डिसेंबरला. इतक्या वेळा वर्ष सुरू करणाऱ्या माणसांना आशेची सवय असते, आणि ज्या जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा, तिथं ती सवय अंगात मुरावीच लागते. पण दर वेळी कोणीतरी मागची बाकी विचारतं. सालगड्याला नवं साल ठरवताना आधी विचारतात, मागची उचल किती फिटली?

भावाची आशा म्हणजे काय हे वहीनं मला सोयाबीनच्या पानांवर दाखवलं. 2021 च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं. मोंढ्यात तेव्हा चहाच्या टपरीवरसुद्धा दुसरा विषय नव्हता. नवा माल यायच्या सुमाराला भाव जवळजवळ निम्म्यावर आला. पुढची दोन-तीन वर्षं कितीतरी घरांत सोयाबीनचे कट्टे तसेच राहिले, एकावर एक रचलेले, कारण दहा हजार एकदा डोळ्यांनी पाहिले होते. 2024 च्या दिवाळीत हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजार त्याच्याही खाली. ज्यांनी माल धरून ठेवला त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांनी आशा ठेवली, फक्त ती एका आकड्याला बांधून ठेवली. आणि आकडा हा कधीच कोणाचा पाहुणा नसतो. तो येतो तसा जातो.

शेअर हा शब्दसुद्धा आमच्याकडं दलाल स्ट्रीटवरून आला नाही. तो आला साखर कारखान्यावरून. ढोकीचा तेरणा कारखाना म्हणजे आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या नावानं लावलेला पहिला मोठा पैसा. ‘आमचा शेअर आहे’ म्हणजे आमचा ऊस जाईल, दिवाळीला सवलतीची साखर मिळेल, सभेत हात वर करता येईल. शेअरचा दाखला चौकटीत घालून देवांच्या तसबिरींशेजारी लावलेला मी कितीतरी माळवदाच्या घरांत पाहिला. तो विकून पैसे करावेत असं कोणाच्या मनात यायचं नाही. शेती जशी नावावर असते तसा शेअर नावावर असायचा. पुढं कारखान्यांचे दिवस पालटले. कुठं धुराडं पेटलं, कुठं वर्षानुवर्षं थंड राहिलं. पण भाग घेणं म्हणजे भागीदार होणं, हा अर्थ त्या चौकटीतल्या कागदानं आम्हाला शिकवला होता. तो अर्थ पुढं फोनच्या काचेवर हरवला.

वहीची कसोटी पाहणारं वर्ष होतं 1993. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं घरी येऊन झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं दगड-मातीच्या ढिगाखाली गेली. दीड महिन्यावर दिवाळी होती. त्या वर्षी वही आणायची का, असा प्रश्न आईनं विचारला. अण्णा काही बोलले नाहीत. संध्याकाळी ती त्यांच्या काखेत होती.

त्या पाडव्याला हार नव्हता, पेढे नव्हते. कुंकू होतं. दुकानाची बरीच खाती उमरगा-सास्तूरकडची होती. अण्णा एकेक पान काढत होते आणि नाव वाचून थांबत होते. काही नावांची घरंच उरली नव्हती. मालक शेजारी बसले होते. ज्याच्या घरात कोणी राहिलं नाही, त्याच्या पानावर त्यांनी बाकी ओढू दिली नाही. अण्णांनी तिथं ‘येणे नाही’ असं लिहून खाली रेघ मारली. ज्याच्या घरात एक तरी माणूस होतं त्याची बाकी ओढली आणि लगेच त्याखाली नवी उचल मांडली, हरभऱ्याच्या नि गव्हाच्या बियाण्याची. मी तेव्हा नुकती शिक्षिका झाले होते. मला ते कठोर वाटलं. घर पडलेल्या माणसाची जुनी बाकी कशाला लिहायची, असं मी घरी आल्यावर म्हणाले. अण्णा म्हणाले, ‘बाकी ओढली म्हणजे तो माणूस आहे असं धरलं. खातं चालू आहे. बी नेईल, पेरील, माल घेऊन येईल. ज्याची बाकी काढून टाकली, त्याच्याशी आपलं संपलं, बाई.’

ओल निघून जायच्या आत बी मातीत पडायला हवं होतं. ती गरज शोकाला थांबवू शकत नव्हती आणि शोकासाठी थांबूही शकत नव्हती. वहीत मी पाहिलेली सर्वांत मोठी आशा त्या वर्षीची आहे. तिच्यात एकही गोड शब्द नाही. नुसतं नाव, मागची बाकी आणि बियाण्याचे किलो.

माझं स्वतःचं पान 2008 चं. शाळेत शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत तेव्हा शेअरबाजाराशिवाय बोलणं नव्हतं. सेन्सेक्स 2007 च्या शेवटी 20,287 वर बंद झाला होता. 8 जानेवारीला त्यानं 21,000 ला हात लावला. वर्तमानपत्रात रोज कोणी जाणकार सांगत होता की वर्षअखेर पंचवीस, कोणी म्हणे तीस. नव्या वर्षाची हवाच तशी असते. दिनदर्शिका कोरी असते आणि कोऱ्या पानावर कोणताही आकडा शोभून दिसतो. मी डीमॅट खातं उघडलं होतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तीन कंपन्यांचे शेअर घेतले, 40,000 रुपयांचे. 21 जानेवारीला बाजार एका दिवसात 1,408 अंकांनी पडला. मग पडतच गेला. दिवाळीच्या आदल्या दिवशी, 27 ऑक्टोबरला, तो आठ हजारांच्याही खाली जाऊन आला. वर्ष संपलं 9,647 वर.

अण्णा तेव्हा निवृत्त झाले होते, पण घरखर्चाची वही पाडव्याला उघडतच होते. मी शेअरबद्दल कोणाजवळ बोलले नव्हते. त्यांना कसं कळलं माहीत नाही. मुनिमाला घरातल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा हिशोब वाचता येत असावा. पाडव्याच्या सकाळी त्यांनी मला समोर बसवलं. ‘किती घातले?’ मी सांगितलं. ‘आज किती?’ तेही सांगितलं. त्यांनी दोन्ही आकडे लिहिले, एकाखाली एक. मी रडवेली झाले. ते म्हणाले, ‘विकले का?’ ‘नाही.’ ‘मग माल गोदामात आहे, भाव पडलाय. एवढंच लिहायचं. भाव पडला हे लपवायचं नाही, आणि माल गेला असंही लिहायचं नाही.’ थोड्या वेळानं त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, आणि त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं : ‘या तीन कंपन्या करतात काय?’

मोंढ्यात सौद्याआधी धान्य हातात घेऊन पाहतात. ओठांत दाणा फोडतात, ओल किती ते बघतात, माती किती, काडी किती. मी दाणा न फोडता कट्टे घेतले होते, कारण जानेवारी होता आणि सगळे घेत होते. पुढच्या वर्षी, 2009 च्या अखेरीला, सेन्सेक्स पुन्हा 17,465 वर गेला. माझ्या तीनपैकी दोन शेअर हळूहळू वर आले, तिसरा कधीच आला नाही. त्याची ओळ अण्णांनी ते होते तोवर दर पाडव्याला पुढं ओढली. त्यांच्यानंतर मी ओढते. मला तिची लाज वाटत नाही. ती माझी सळ आहे. तिच्यामुळं पुढचे आकडे आपापल्या घडीत बसले.

भाऊ आता स्वतःची अडत चालवतो. त्याचा मुलगा, माझा भाचा, पंचविशीचा आहे. दुकानात बसतो, पण त्याचं लक्ष हातातल्या फोनमध्ये. मी त्या फोनला दोष देत नाही. ज्या बाजाराचं दार आमच्या पिढीला मुंबई-पुण्याशिवाय दिसत नव्हतं, ते त्यानं परंड्याच्या, कळंबच्या पोरांसमोर उघडलं. 1875 मध्ये सुरू झालेला मुंबईचा शेअरबाजार आता येरमाळ्याच्या फाट्यावर चहा पिता पिता दिसतो. पण फोनचा स्वभाव वहीच्या उलटा. तो सारखा बोलतो, हिरवा होतो, लाल होतो, रात्रीही उठवतो. आणि रोज सकाळी तो नव्यानं जन्मतो. काल काय झालं हे विचारलं तरच सांगतो, आणि भाचा विचारत नव्हता.

तो शेअर घेऊन ठेवत नव्हता, ऑप्शनचे सौदे करत होता. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये एक अभ्यास जाहीर केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक सौदेकऱ्यांपैकी शंभरातल्या 93 जणांचा तोटाच झाला. एक कोटीहून अधिक माणसांचा हा हिशोब. त्यातला एक आकडा आमच्या घरातला होता, हे मला 2025 च्या दिवाळीत कळलं.

ती दिवाळी आमच्या जिल्ह्याला जड होती. सप्टेंबरात पाऊस असा पडला की परंडा-भूमकडं नद्या पात्र सोडून शिवारात शिरल्या. उभं सोयाबीन गेलं, आणि कितीतरी रानांत पिकाखालची मातीच खरडून गेली, खाली नुसता मुरूम दिसू लागला. सोयाबीनचा हमीभाव त्या वर्षी 5,328 झाला होता. पण ज्याच्या घरात दाणा नाही, त्याला भाव काय करायचा? मोंढ्यात आवक कमी, आला तो माल भिजलेला, काळा पडलेला.

21 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. मुंबईच्या शेअरबाजारात 1957 पासून दिवाळीला मुहूर्ताचे सौदे होतात. एक तासाचा बाजार, नव्या संवताचा बोहणीचा सौदा. एरवी तो संध्याकाळी असतो. त्या वर्षी दुपारी पावणेदोन ते पावणेतीन होता. भाचा दुकानाच्या गादीवर फोन घेऊन बसला होता. शेजारी नवी वही, अजून दोरीत बांधलेली. त्याचा चेहरा उजळला होता. म्हणाला, ‘आत्या, संवत 2082. यंदा सगळं भरून निघणार बघ.’ मी विचारलं, ‘सगळं म्हणजे किती?’

तो गप्प झाला. त्याला आकडा माहीत नव्हता असं नाही. त्यानं तो कधी एका जागी लिहिला नव्हता.

त्याच्यासाठी मी एक लहान वही आणली होती, तशाच लाल खारव्याची. पानांना सळ मीच पाडली होती. आईचा वरवंटा अजून माझ्याकडं आहे. पाडव्याला पहाटे ती त्याच्यापुढं ठेवली. पहिल्या पानावर त्यानं मनापासून स्वस्तिक काढलं, श्री लिहिलं, शुभ-लाभ लिहिलं. दुसरं पान मी उघडं धरलं तेव्हा त्याचा हात थांबला. ‘आत्या, आज नको. आजच्या दिवशी तोटा लिहायचा? अपशकुन होईल.’ मी त्याला 1993 च्या वहीची गोष्ट सांगितली. त्यानं ती वही घरात अनेकदा पाहिली होती, उघडली कधी नव्हती. मी ती आणून त्याच्या मांडीवर ठेवली. तो बराच वेळ पानं उलटत राहिला. बियाण्याच्या ओळीपाशी येऊन थांबला.

मग त्यानं फोनमधून एकेक आकडा काढून बेरीज केली आणि लिहिलं. आरंभीची शिल्लक. पुढं आकडा. त्याच्याआधी वजाचं चिन्ह. तो आकडा मी इथं लिहिणार नाही. तो त्याच्या वहीचा आहे.

आमच्या जिल्ह्यात तेर नावाचं गाव आहे. गोरोबाकाकांचं तेर म्हणून वारकरी त्याला ओळखतात. दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर या नावानं परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये नोंद आहे की तगरहून तऱ्हेतऱ्हेचं कापड गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदराकडं जातं. तिथून ते समुद्रापलीकडं जाई, वारे अनुकूल झाले म्हणजे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याच धाटणीची एक इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. मी भाच्याला तिथं घेऊन गेले होते. त्याला म्हटलं, आपल्या मातीतल्या माणसांनी बैलगाडीत कापड भरलं तेव्हा जहाज कधी सुटेल, वारा कधी फिरेल, गिऱ्हाईक कोण, काही दिसत नव्हतं. यापेक्षा मोठी गुंतवणूक कोणती? आणि तगरचं नाव टिकलं कशामुळं? ‘पेरिप्लस’ लिहिणारा कोणी राजा नव्हता, कवी नव्हता. तो बहुधा एक व्यापारी होता आणि ते त्याचं टिपण होतं. कुठून काय येतं, कुठं काय खपतं. कोणीतरी वहीत लिहिलं, म्हणून गाव राहिलं.

नवं वर्ष लागताना माणसाला वाटतं की आता बरं होईल. हे वाटणं मला पवित्र वाटतं. ते नसतं तर भेगाळलेल्या रानात कोणी तिफण धरली नसती, आणि बाजारात कोणी दुसऱ्याच्या कारखान्याला पैसा दिला नसता. ते नेहमी खरंही ठरत नाही आणि नेहमी खोटंही. 2020 च्या जानेवारीत सेन्सेक्सनं 42,000 ला हात लावला, 23 मार्चला एका दिवसात 3,935 अंक घसरून तो 25,981 वर बंद झाला, आणि 31 डिसेंबरला 47,751 वर होता. जानेवारीत भविष्य सांगणारे चुकले, मार्चमध्ये सगळं संपलं म्हणणारेही चुकले. ज्याच्याजवळ मागची बाकी लिहिलेली होती, किती आपलं, किती उसनं, किती गमावणं परवडेल, तो दोन्ही वेळा जागेवर राहू शकला. आशेला टिकायला एवढंच लागतं.

त्या दिवाळीनंतर, 19 डिसेंबरला, येळवस झाली. आमच्या एका नातलगाचं रान भूमकडं, ओढ्याच्या काठी. एका कोपऱ्यातली माती सप्टेंबरात वाहून गेली ती गेलीच. तिथं मुरूम होता, आणि त्याच्या पलीकडं हरभरा उगवून आला होता, विरळ, पण घाटे धरायच्या बेतात. कोप उभी केली होती. पाच दगड चुन्यानं रंगवले होते. घरधनीण निवद दाखवून म्हणाली, ‘यंदा एवढंच हाय, पुढच्या साली वावर भरून दे.’ तिनं आधी किती आहे ते सांगितलं, मग मागितलं. भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. आम्ही बोललो नाही, आंबील प्यालो.

1 जानेवारीला तो आमच्या घरी आला. त्याच्या फोनवर सकाळपासून वर्षअखेरचे आकडे येत होते, कोणाचं काय भाकीत, कोणता शेअर दुप्पट. त्यानं ऑप्शनचे सौदे पाडव्यानंतर बंद केले होते. आता दर महिन्याला दोन हजार रुपये म्युच्युअल फंडात जातात, ज्याच्यात कोणकोणत्या कंपन्या आहेत आणि त्या काय करतात हे त्यानं मला एकेक करून सांगितलं. जानेवारीच्या नावापुढं दोन हजार मांडायला त्यानं वही काढली.

दोरी सोडली. पान उघडलं. पाडव्यापासून वही मिटलेली होती, आणि ओलं कुंकू पलीकडं लागलं होतं. त्याच्या वजाच्या आकड्यावर स्वस्तिकाचा फिकट लाल ठसा उमटला होता. तो क्षणभर बोटानं पुसायला गेला, मग हात मागं घेतला आणि त्याच्याखाली, घडी धरून, नवी ओळ लिहिली.